मोठ्यांची गारेगार कांडी : मजा कुणाची, सजा कुणाला?

चैत्र लागला की आपल्या जुन्नर-आंबेगावात दोन हंगाम एकदमच सुरू होतात, एक यात्रांचा आणि दुसरा गारेगारवाल्याचा. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावची पंचमंडळी सुपारी द्यायला येतात. त्याच सुमारास शाळेच्या फाटकाबाहेर आणि एसटी स्टँडवर बर्फाचा गोळा, पेप्सीची नळी, मटका कुल्फी दिसू लागते. मे महिन्यात मुंबईची मंडळी सुट्टीला गावी आली की घरोघरचे फ्रीजही भरून जातात.

अलीकडे या थंड खाऊत एका नव्या पदार्थाची भर पडली आहे. फळांच्या रसात दारू किंवा वाईन मिसळायची, साच्यात रंगीत जेलीच्या गोळ्या, टूटीफ्रूटी, चॉकलेटचे तुकडे टाकायचे, काडी खोचायची आणि फ्रीजरमध्ये गोठवायचे. याला ‘मोठ्यांची कांडी’ म्हणतात. मोबाईलवर कृती पाहून ती घरी बनवतात, शेतावरच्या पार्टीत, हळदीच्या रात्री, वाढदिवसाला वाटतात. आमच्याकडे पेशंट म्हणून येणारी तरुण मुले आता सरळच विचारतात, “डॉक्टर, कांडीतून घेतली तर चढत नाही ना? गोठल्यावर तिचा जोर जातो ना?”

प्रश्न भाबडा आहे, पण विचारला हे बरे झाले. आजचा लेख त्याच्या उत्तरासाठी. दारू पिऊ नका, हे मी गेली पंचवीस-तीस वर्षे सांगतच आलो आहे आणि आजही तेच सांगेन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच म्हटले आहे की, आरोग्याला पूर्ण निर्धोक असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. परंतु जे घरी हा पदार्थ करणारच आहेत, त्यांना त्यात काय घडते हे नीट माहीत असले पाहिजे. कारण या कांडीचा खरा धोका खाणाऱ्यापेक्षा न कळत खाणाऱ्याला जास्त आहे.

गोठल्याने दारू मरत नाही

पाणी शून्य अंशाला गोठते. दारूतला जो नशा आणणारा भाग, म्हणजे इथेनॉल, तो गोठायला उणे ११४ अंश तापमान लागते. आपल्या घरातला फ्रीजर फार तर उणे १८ अंशांपर्यंत जातो. म्हणजे कांडीत गोठते ते पाणी. दारू गोठतच नाही. ती बर्फाच्या बारीक कणांच्या मधल्या फटींत, साखरेच्या पाकाबरोबर, पातळच राहते. व्हिस्कीची बाटली फ्रीजरमध्ये ठेवली तर ती गोठत नाही, हे अनेकांनी पाहिले असेल. त्याचे कारण हेच.

आता बर्फाचा गोळा आठवा. गोळा चोखायला लागलो की पहिल्या चार-पाच घोटांतच लाल-हिरवा पाक निघून येतो आणि हातात पांढरा, बेचव बर्फ उरतो. दारूच्या कांडीचेही तसेच होते. पहिल्या काही चोखण्यांत पाकाबरोबर दारूचा बराचसा भाग तोंडात येतो. शिवाय साच्यात कांडी गोठत असताना पाणी आधी गोठते आणि दारू उरलेल्या पातळ रसात साठत जाते. त्यामुळे एकाच कांडीचा एक भाग फिका तर दुसरा कडक असू शकतो. भारनियमनात वीज गेली, कांडी अर्धवट वितळली आणि पुन्हा गोठली, की हा फरक आणखी वाढतो. फ्रीजरच्या तळाशी जो चिकट रस साचतो त्यात दारूचा अंश कांडीपेक्षाही जास्त असतो, आणि तो शेजारी ठेवलेल्या मुलांच्या कुल्फीला लागतो.

थंडपणाचा दुसरा परिणाम जिभेवर होतो. फार थंड पदार्थाने जीभ बधिर होते, चव आणि जळजळ कळत नाही. गोडाने उरलासुरला कडवटपणा झाकला जातो. ग्लासातली दारू पिताना ‘आता पुरे’ असे घसाच सांगतो. कांडी खाताना तो इशारा मिळत नाही.

हिशोब क्वार्टरचा

आपल्याकडे सर्वांना समजते ते माप म्हणजे क्वार्टर, १८० मिलिलिटर. बाटलीवर ४२.८ टक्के असे लिहिलेले असते. म्हणजे एका क्वार्टरमध्ये सुमारे ७७ मिलि, वजनाने सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते.

कांडी नीट गोठायची असेल तर एक भाग दारूला किमान चार भाग रस लागतो. निम्मी दारू आणि निम्मा रस घेतला तर कांडी न होता नुसता लगदा होतो. तेव्हा एका क्वार्टरला ७२० मिलि रस धरला, तर एकूण ९०० मिलि मिश्रण होते. साधा साचा ८० मिलिचा असतो, म्हणजे अकरा कांड्या झाल्या. प्रत्येकीत साधारण साडेपाच ग्रॅम अल्कोहोल आले. चार कांड्या म्हणजे ६० मिलिचा एक मोठा पेग, अगदी थोडा वरच.

साधारण माणसाचे यकृत तासाला सात-आठ ग्रॅम अल्कोहोल जाळते. म्हणजे एका कांडीला जवळजवळ पाऊण तास लागतो. प्रत्यक्षात उकाड्यात बसलेला माणूस पाऊण तासात तीन कांड्या सहज संपवतो. साठ किलो वजनाच्या पुरुषाने उपाशीपोटी तीन कांड्या लागोपाठ खाल्ल्या, तर रक्तातील अल्कोहोल १०० मिलिमागे सुमारे ४० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. बायकांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने त्यांच्या बाबतीत हा आकडा आणखी चढतो. ‘मी प्यायलो नाही, फक्त कांडी खाल्ली’ हे पोलिसाच्या यंत्राला समजत नाही आणि नाशिक रस्त्यावरच्या समोरून येणाऱ्या ट्रकलाही समजत नाही.

वाईनचे गणित थोडे सौम्य आहे. वाईन आपल्या भागाला नवी नाही. नारायणगावच्या शॅटो इंडाजने १९८० च्या दशकात फ्रेंच पद्धतीची फसफसणारी वाईन बनवली आणि ‘उमर खय्याम’ या नावाने ती परदेशातही गेली. वाईनमध्ये साधारण १२ टक्के अल्कोहोल असते. निम्मी वाईन आणि निम्मा द्राक्षरस घेतला तर ८० मिलिच्या कांडीत पावणेचार-चार ग्रॅम अल्कोहोल येते. कमी आहे, पण ‘वाईन म्हणजे द्राक्षांचा रसच की’ असे म्हणून ती आजीच्या किंवा सुनेच्या हातात देण्याइतके कमी नाही.

बारा किलोचे लेकरू

आता मूळ मुद्द्याकडे येतो. रंगीत जेलीच्या गोळ्या घातलेली, काडीवरची, गोड आणि थंड वस्तू पाहून कुठले मूल ‘हे मोठ्यांचे आहे’ असे म्हणेल? दारूची बाटली पोराच्या हाती लागली तर तोंड वाकडे करून ते ती टाकते. कांडी टाकणार नाही, दुसरी मागेल.

मागे एका मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास एक आजी आणि तिचा मुलगा अडीच-तीन वर्षांच्या नातवाला उचलून दवाखान्यात घेऊन आले. आदल्या रात्री शेतावर जेवणावळ होती. “डॉक्टरसाहेब, पोराला ऊन लागलंय. सकाळपास्नं लय खेळलं, न्याहारी बी केली न्हाई. आता झोपलंय तर उठंना. कांदा लावला पायाला,” आजी सांगत होत्या. अंगाला हात लावला तर ताप नव्हता. उलट अंग गार आणि घामेजलेले होते. उन्हाचा झटका बसलेल्या मुलाचे अंग तापलेले असते. बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली तर ४२ निघाली. तोंडाला गोडसर वास होता. “आजी, घरात रात्रीचं काय उरलंय? फ्रीजमध्ये काय होतं?” असे दोन-तीनदा विचारल्यावर मुलाच्या काकाने खाली मान घालून कांड्यांचे सांगितले. त्या मोजून ठेवलेल्या नव्हत्याच. शिरेतून ग्लुकोज दिले, मूल हलले, रडले. मग १०८ ची गाडी बोलावून त्याला रुग्णालयात पाठवले. दोन दिवसांनी ते खेळायला लागले. पण आणखी दोन तास ‘झोपू द्या, थकलंय’ म्हणून काढले असते तर काय झाले असते, हे आजींना मी सांगितले नाही. काकाला मात्र बाजूला घेऊन सांगितले.

असे का होते, ते समजून घ्या. आपण उपाशी असतो तेव्हा यकृत रक्तात साखर सोडत राहते, आणि साठा संपला की नवी साखर तयार करते. पोटात अल्कोहोल गेले की ते जाळण्याच्या कामात यकृत गुंतते आणि नवी साखर बनवणे थांबते. मोठ्या माणसाच्या यकृतात साखरेचा साठा बऱ्यापैकी असतो. लहान मुलाचा साठा काही तासांत संपतो. मग रक्तातील साखर कोसळते, मूल पेंगते, गार पडते, झटकेही येऊ शकतात. हे लगेच होईल असे नाही; काही तासांनीही होते. म्हणून ‘खाऊन बराच वेळ झाला, काही झाले नाही’ यावर विसंबू नये.

आता गणित बघा. बारा किलोच्या मुलाने साडेपाच ग्रॅमची एक कांडी खाल्ली तर रक्तातील अल्कोहोल १०० मिलिमागे ७० मिलिग्रॅमच्या आसपास जाते. गाडी चालवणाऱ्या मोठ्या माणसाला जी मर्यादा आहे, तिच्या दुपटीहून जास्त. एका कांडीत!

असे घडल्याचा नुसता संशय आला तरी पुढील गोष्टी कराव्यात. मूल शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर साखरपाणी द्यावे. ओकारी काढायचा प्रयत्न करू नये. पेंगत असेल तर तोंडाने काहीही न देता कुशीवर झोपवावे. ताक, लिंबू, कॉफी यांनी उतरेल म्हणून वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा आणि जवळ असेल त्याप्रमाणे मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा नारायणगाव, जुन्नर, घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. डॉक्टरांना खरे सांगावे. लाजेपोटी ‘ऊन लागलं’ असे सांगितले तर उपचाराची दिशा चुकते.

जेलीचा आणखी एक धोका आहे. गोठलेली जेलीची गोळी दगडासारखी घट्ट आणि गुळगुळीत होते. पाच वर्षांखालच्या मुलांच्या श्वासनलिकेत ती अडकू शकते. म्हाताऱ्यांची कवळी आणि दात तिच्यावर तुटतात. काही जण तर गोळ्या रात्रभर दारूत भिजत घालतात. त्या दारू शोषून टम्म फुगतात आणि अशा गोळ्यांतून किती दारू पोटात गेली, याचा हिशोबच राहत नाही. जाता जाता आणखी एक : बऱ्याचशा जेलीच्या गोळ्या जिलेटिनच्या असतात आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते. माळकरी आणि शाकाहारी घरांनी पाकिटावरची हिरवी खूण पाहून घ्यावी.

पाहुण्याला न सांगता देणे

काही हौशी मंडळी गंमत म्हणून न सांगता कांडी हातात देतात आणि मग हसतात. ही गंमत कुणाच्या जिवावर बेतेल सांगता येत नाही.

जुलाबासाठी मेट्रोनिडाझोलची गोळी चालू असलेल्याला दारूने मळमळ, उलट्या, धडधड होऊ शकते. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर आधी कांडीतल्या गोडाने चढते आणि नंतर, बहुधा रात्री झोपेत, दारूमुळे घसरते. झोपेच्या आणि फिटच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढते. गरोदर बाईने तर थेंबही घेऊ नये. तो नाळेतून बाळापर्यंत जातो.

सर्वांत जास्त जपायचे ते दारू सोडलेल्या माणसाला. व्यसन सोडण्यासाठी काहींना डायसल्फिरामची गोळी दिलेली असते. ती चालू असताना थोडी दारू पोटात गेली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. क्वचित प्राणही जातो. आणि गोळी नसली तरी, पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झाल्यापासून कितीतरी घरांनी ज्याच्यासाठी रक्ताचे पाणी केले, तो माणूस एका गोड कांडीने पुन्हा गुत्त्याच्या वाटेला लागू शकतो. त्याच्या बायकोला विचारा, या गमतीची किंमत काय असते.

बर्फ, हातभट्टी आणि धूर

दारूने जंतू मरतात म्हणून बर्फ कसलाही चालतो, हा आणखी एक गैरसमज. जंतू मारायला ६०-७० टक्के अल्कोहोल लागते; कांडीत असते आठ-नऊ टक्के. थंडीनेही जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. कावीळ, विषमज्वर, जुलाब यांचे जंतू कांडी वितळताच पोटात जागे होतात. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम झाला, तो मासळी आणि माल थंड ठेवणारा बर्फ ओळखू यावा म्हणून. निळसर बर्फ पेयात कधीही घालू नये. पण पांढरा आहे म्हणून तो चांगला, असेही नाही. पाणी उकळून गार करून घरी केलेला बर्फच खरा.

हातभट्टीची दारू तर कांडीतच काय, कशातच घेऊ नये. त्यात मिथेनॉल असले तर गोठवून ते जात नाही. मुंबईत मालवणी येथे २०१५ च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. डोके दुखणे, पोटात कळ, डोळ्यांपुढे धुके हा त्रास दुसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतो. ‘उतारा’ म्हणून पुन्हा पिण्याऐवजी तडक रुग्णालय गाठावे.

लग्नात अलीकडे धूर निघणारे थंड पदार्थही दिसतात. तो धूर कोरड्या बर्फाचा (उणे ७८ अंश) किंवा द्रवरूप नायट्रोजनचा (उणे १९६ अंश) असतो. २०२४ च्या मार्चमध्ये गुरुग्राममध्ये एका हॉटेलात मुखशुद्धी समजून कोरडा बर्फ तोंडात टाकलेल्या लोकांना रक्ताच्या उलट्या झाल्या. धूर निघतोय तोवर पदार्थ तोंडात घालायचा नाही, हे मुलांना शिकवून ठेवा.

आणि कायद्याचे दोन शब्द. आपल्या राज्यात बिअर-वाईनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षे वय पूर्ण लागते, परवानाही लागतो. अशा कांड्या गाड्यावर किंवा दुकानात विकणे हा गुन्हाच. हैदराबादेत २०२४ च्या सप्टेंबरमध्ये उत्पादन शुल्क खात्याने एका दुकानातून व्हिस्की मिसळलेले साडेअकरा किलो आइस्क्रीम पकडले होते. यात्रेत जोडधंदा म्हणून कुणाच्या मनात हा विचार असेल तर तो सोडून द्यावा.

उन्हात दारू गारवा देत नाही

उन्हाळ्यात घाम येऊन शरीरातले पाणी आणि मीठ कमी होते. दारूने लघवीचे प्रमाण वाढते आणि आणखी पाणी जाते. तहान भागल्याचा भास होतो, प्रत्यक्षात शरीर सुकते. टोमॅटोच्या तोडणीवरून आलेल्या, दिवसभर ऊन खाल्लेल्या माणसाने संध्याकाळी तीन-चार अशा कांड्या खाल्ल्या तर चक्कर, पायात गोळे आणि दुसऱ्या दिवशी डोकेदुखी ठरलेलीच. त्यातून कोणी पोहायला विहिरीत उतरला तर काय होते, हे दर उन्हाळ्यात आपण याच वर्तमानपत्रात वाचतो.

करणारच असाल तर

एक भाग दारूला पाच भाग रस, याहून कडक करू नका. मुलांच्या कुल्फीपेक्षा वेगळ्या आकाराचा साचा वापरा आणि काडीला लाल दोरा बांधा. आत जेली, गोळ्या, चॉकलेट घालू नका. तो मुलांना आमंत्रण देणारा भाग आहे, मोठ्यांना त्याची गरज नाही. किती केल्या, किती खाल्ल्या, किती उरल्या हे मोजा, आणि उरलेल्या त्याच रात्री मोरीत ओता. जेवल्यानंतर तासाला एकच, दोनच्या वर नाही, सोबत भरपूर पाणी. त्या रात्री गाडीची किल्ली दुसऱ्याकडे. आणि देण्यापूर्वी प्रत्येकाला स्पष्ट सांगा की यात दारू आहे.

याहून सोपा मार्ग माझ्या घरी चालतो. जुन्नरची काळी द्राक्षे मिक्सरमधून काढून गाळावीत, त्यात लिंबू, चिमूटभर काळे मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी, साच्यात चार अख्खी द्राक्षे उभी चिरून टाकावीत आणि सहा-सात तास गोठवावे. कैरीचे पन्हे किंवा कोकमचे सरबत घेतले तरी चालते. मधुमेह असणाऱ्यांनी पातळ ताक, पुदिना आणि मीठ गोठवून पाहावे. या कांड्या मोजाव्या लागत नाहीत, लपवाव्या लागत नाहीत, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकाच ताटातून देता येतात.